चूक क्रमांक पासष्ट

गुरुवार, २७ मार्च २०१४. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी खराडीतल्या एका कंपनीच्या सहाव्या मजल्यावर नागोरावने काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. तीनशे बारा संगणकांनी एकच उत्तर दिलं. चूक क्रमांक ६५.

काम साधं होतं. चार वाजता परदेशी क्लायंटचे तपासनीस येणार होते. त्याआधी पेनड्राइव्ह लावून एकही संगणक सुरू होता कामा नये, अशी त्यांची अट होती. हे सेटिंग संगणकाच्या पोटात असतं, विंडोज सुरू होण्याच्याही आधीच्या भागात. एकेक मशीन उघडून ते बदलायचं तर तीन दिवस हवेत. म्हणून ही ओळ. एकदा लिहिली की सगळ्यांना एकदम लागू.

नागोरावने ती अ‍ॅडमिन म्हणून चालवली. पासष्ट. ही ओळ ज्या टूलमधून चालते त्याची नवी आवृत्ती उतरवून घेतली. पासष्ट. एकाच मशीनवर चालवून पाहिली. पासष्ट. मग त्याने माहितीपत्रक उघडलं, जे सगळे शेवटीच उघडतात. तिथे लिहिलं होतं : सेटिंगना पासवर्ड लावलेला आहे, आधी तो द्या.

हा पासवर्ड लावू शकेल असा एकच माणूस होता, श्रीनिवास मेहेंदळे. अकरा वर्षं त्यांनी या मजल्यावरची यंत्रं सांभाळली होती. सतरा दिवसांपूर्वी, एका सोमवारी, त्यांना वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये काढून टाकलं. जागेवर परत येईपर्यंत त्यांचं लॉगिन बंद झालं होतं.

नागोराव मुखेडहून आलेला, कंत्राटावरचा. त्याला सगळं काम त्यांनीच शिकवलं होतं. ऑफिसात त्याला 'आपण' म्हणणारे ते एकटेच. त्यांची एक जुनी पद्धत होती. पासवर्ड ते कधी ईमेल करत नसत. कागदावर लिहून लिफाफ्यात घालायचे, चिकटवायचे आणि जोडावर आडवी सही करायचे.

त्या सोमवारी लिफ्टपाशी, शेजारी सिक्युरिटीवाला उभा असताना, त्यांनी तसाच एक लिफाफा नागोरावच्या हातात दिला होता. "नम्रताबाई मीटिंगला गेल्यात. आल्या की द्या."

त्याच सकाळी एचआरचं परिपत्रक आलं होतं : कंपनीतून गेलेल्यांचे कागद, निरोप कुणीही स्वीकारू नयेत. नागोरावला वाटलं, तक्रारअर्ज असणार. त्याचं कंत्राट ३१ मार्चला संपत होतं. कायम झाला की बायकोला, भाग्यश्रीला, गावाहून आणायचं, येरवड्यात खोली बघायची, असं ठरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने लिफाफा श्रेडरमध्ये सोडला. सहीसकट गेला.

आता त्याला कळलं, आत काय होतं.

"जाताना कुलूप घालून गेलाय माणूस," नम्रता मॅडम म्हणाल्या. त्या विभागप्रमुख. समोर एचआरचा सुदर्शन बसला होता, बाजूला नागोराव उभा होता. "एक साधी गोष्ट लिहून मागितली होती त्या दिवशी, तीही दिली नाही."

"मंगळवारी नवीन जॉइनिंग आहे त्यांचं," सुदर्शन म्हणाला. "रिलीव्हिंग लेटर अजून आपल्याकडेच आहे. त्याशिवाय तिकडे घेणार नाहीत."

"लाव फोन. स्पीकरवर."

चौथ्या रिंगला फोन उचलला गेला.

"बोला नम्रताबाई. आठवण झाली म्हणजे काहीतरी बंद पडलेलं दिसतंय."

"सगळ्या मशीन्सना पासवर्ड तुम्ही लावलात?"

"क्लायंटच्या अटींच्या यादीतला चौथा मुद्दा तोच आहे. आपण वाचली असेलच."

"आणि जाताना आम्हाला सांगावंसं वाटलं नाही?"

"लिहून दिलाय. लिफाफ्यात. नागोरावांच्या हातात, लिफ्टपाशी."

दोघांनी नागोरावकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

"कुठला लिफाफा, सर?" नागोराव म्हणाला.

फोनमधून त्यांच्या वारज्याच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. जिन्यात कुणीतरी कचरेवाल्याला हाक मारली, तीही ऐकू आली.

"असं होय," श्रीनिवास म्हणाले. "मग नसेल दिला. घ्या लिहून."

सोळा अक्षरं त्यांनी एकेक करून सांगितली. कॅपिटल कोणतं, स्मॉल कोणतं, शून्य कुठे, ओ कुठे. शेवटी म्हणाले, "परत वाचा, नागोराव." शिकवताना म्हणायचे तसंच. नागोरावने वाचलं. फोन बंद झाला.

दोन वाजून दहा मिनिटांनी ओळ पुन्हा चालली. तीनशे बारापैकी तीनशे बारा. तपासनीस चार वाजता आले, पाच मशीन्स बघून, कॉफी पिऊन पावणेपाचला गेले.

"वेल डन," नम्रता मॅडम म्हणाल्या. "तुझ्या रिन्युअलचं बघते."

साडेपाचला सुदर्शनने कागद पुढे केला. श्रीनिवास मेहेंदळे यांनी कंपनीची यंत्रणा जाणूनबुजून अडवली. चौकशी होईपर्यंत रिलीव्हिंग लेटर रोखण्यात येत आहे. प्रत नवीन कंपनीला. खाली साक्षीदार म्हणून नागोरावचं नाव छापलेलं होतं. त्याने सही केली. नोटीस पाच वाजून बावन्न मिनिटांनी ईमेलने गेली.

सहा वीसला त्याच्या फोनवर मेसेज आला. श्रीनिवासांचा, देवनागरीत, विरामचिन्हांसह.

"लिफाफ्यात दोन कागद होते. एकावर पासवर्ड. काढताना नम्रताबाईंनी मला विचारलं होतं, तुमच्या जागी कायम कोणाला घेऊ, नाव लिहून द्या. दुसऱ्या कागदावर आपलं नाव होतं. प्रत ठेवलेली नाही."