अचूक नाडी

दुपारी चारच्या सुमाराला गोदाबाई उठून बसल्या आणि त्यांनी चहा मागितला. घरात मोठी पंचाईत झाली.

सकाळीच पंजाबरावांनी बायकोची नाडी पाहून सांगितले होते की ही काही आजचा दिवस बुडालेला पाहत नाही. आणि पंजाबरावांची नाडी म्हणजे पार मूर्तिजापूरपर्यंत अचूक. बाकीचे लोक हा शब्द नेमाला लावतात, औषधाला लावतात. गावात तो पंजाबरावांच्या नावाला लागलेला होता. शेजारच्या आजारी नत्थुजींना त्यांनी गुरुवार सांगितला होता. नत्थुजी बुधवारी ठणठणीत झाले, गुरुवारी सायकल काढून बाजाराला निघाले आणि एस.टी.खाली आले. तेव्हापासून गावातला डॉक्टरसुद्धा पंजाबरावांना विचारून सलाइन लावायचा.

म्हणून तर गोदाबाईंना पलंगावरून खाली घेतले होते. तोंडात गंगाजल पडले होते. मुलगा बंडू अकोल्याहून रजा टाकून आला होता, बहीण पार्बताबाई अंजनगावहून, पुतणीच्या हळदीतून उठून. अंगणात बांबू येऊन पडले होते. भाच्याने, शिवमने, मोबाइलच्या स्टेटसला मावशीचा फोटो लावला होता; लोक अजून हात जोडतच होते.

सून रागिणीने चहा आणला. डॉक्टरने साखर बंद केली होती. आज तिने दोन चमचे टाकली.

"बाई, कसं वाटून राहिलं तुले?" पार्बताबाईंनी विचारले.

"बरं वाटून राहिलं," गोदाबाई म्हणाल्या.

बंडूने बापाला पुन्हा एकदा नाडी पाहायला सांगितले. रजा एकाच दिवसाची आहे, लगेच दुसरी भेटत नाही, हेही सांगितले. पंजाबराव खाली बसले, मनगट धरले. लग्नात धरला त्यानंतर त्यांनी बायकोचा हात धरला तो नाडीसाठीच. आज त्यांनी नाडीवरची बोटे तीनदा सरकवून पाहिली. ते फक्त गोदाबाईंना कळले.

"दिवस बुडाचा हाये अजून," पंजाबराव म्हणाले. सगळ्यांना हायसे वाटले. मंडळी पुन्हा भिंतीला टेकून बसली.

गोदाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. हा माणूस एकदा भाजी अळणी म्हणाला, तेव्हा गोदाबाईंनी खारट भाजीत वरून मीठ घातले होते आणि स्वतःही मुकाट्याने खाल्ली होती. चुकायचे कसे असते हेच त्याला ठाऊक नव्हते. आता या वयात कोण शिकवणार? पंजाबराव दाराकडे बघत होते. ऊन सतरंजीपर्यंत आत आले होते आणि हलायचे नाव घेत नव्हते.

गोदाबाईंनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. आडव्या झाल्या. पदर सारखा केला, हात छातीवर ठेवले.

"रागिणी, दार लोट वं," त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "यायले उजेडाचा तरास होऊन राहिला."