दाराच्या आतली फरशी

"दादा, चार दिवस राहायला येऊ का? माझी खोली आहे ना अजून?" धाकट्या बहिणीच्या या पत्राला दादांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं.

आज मिस्त्रीनं तिच्या खोलीतली जुनी नक्षीची फरशी घासूनपुसून लख्ख केली होती. फक्त दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, दोन पावलांएवढी नक्षी पार झिजून गेली होती.

"काका, इथे कुणी दिवसभर लंगडी खेळायचं की काय?" मिस्त्री हसला. "म्हणाल तर दोन फरशा बदलतो. एकदा वरून सीलरचा पारदर्शक थर मारला की आहे ते कायमचं."

"राहू द्या," दादा म्हणाले. लहानपणी वडील चिडले की बहिणीला या खोलीत कोंडत, आणि बाहेरून कडी लावायचं काम दादांकडे असे. ती आत दाराशी उभी राहून पाय घासत राही.

सीलर मारून मिस्त्री निघाला. "उद्यापर्यंत आत जाऊ नका हं. ओल्यावर धूळ बसेल, दार ओढून कडी घाला."

दादांचा हात सवयीनं कडीवर गेला. रिकाम्या खोलीतून, दाराच्या अगदी पलीकडून, पाय घासल्याचा आवाज आला.

"अहो मिस्त्री," दादांनी जिन्यावरून हाक मारली, "तुमचा स्क्रू-ड्रायव्हर द्या जरा!"

संध्याकाळी त्यांनी टपालपेटीत टाकलेल्या उत्तरात एवढंच होतं: "ये. तुझ्या खोलीला आता बाहेरून कडी नाही."