घेणाऱ्याचे डोळे

"आधी एक सांगा," पॉलिशवाली म्हणाली, "इथे बोललेलं इथेच राहतं ना?"

वकीलबाई हसल्या. अशिलाची गोष्ट वकिलाच्या पोटातच राहते, जीव गेला तरी बाहेर पडत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. समोरच्या बाईच्या नखांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि हातांना लाकडाच्या पॉलिशचा वास येत होता. जुनं फर्निचर घासून नव्यासारखं करणं हा तिचा धंदा. लोक आपल्याला पॉलिशवालीच म्हणतात, एवढीच ओळख तिने करून दिली होती. फी मात्र आल्याआल्या टेबलावर ठेवली होती. सल्ला फुकट घ्यायचा नाही, म्हणाली.

प्रकरण घराचं होतं. नुकतंच विकलं गेलेलं घर. पाऊस लागला की जमिनीखालून पाणी वर येतं आणि लवकर ओसरत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, घेणाऱ्याला ते कोणी सांगितलं नाही. आता घेणाऱ्याने फसवणुकीचा दावा लावला तर तो टिकेल का, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

'घेणाऱ्याने' म्हणाली, 'मी' म्हणाली नाही. वकीलबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. फसलेली माणसं स्वतःची फजिती अशीच तिऱ्हाइताच्या नावावर सांगतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

त्यांनी तिला नीट समजावलं. फसवणूक म्हणायची तर विकणाऱ्याने खोटं सांगितलेलं असायला हवं, खोटं आहे हे माहीत असून सांगितलेलं, आणि समोरच्याने घ्यावं म्हणूनच सांगितलेलं. घेणारा त्यावर विसंबला आणि त्यातून त्याचं नुकसान झालं, हेही दाखवावं लागतं. यातलं एक जरी निसटलं, तरी दावा लंगडा पडतो. न जाणता चुकीचं सांगितलं असेल तर ती दिशाभूल. त्या कारणावरूनही व्यवहार मोडता येतो.

"आणि विकणारा काही बोललाच नसेल तर?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता. सोफा एकदाचा आत गेला, दार थोडं खरचटलं, संध्याकाळी येताना कुलूप घेऊन ये, म्हणत होता. नवं घर त्यानेच पसंत केलं होतं; वकीलबाईंना कोर्टातून मान वर करायला सवड कुठली. या वयात रोजच्या जिन्यापासून सुटका होणार, यातच त्यांना सगळं आलं होतं. येते म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि सोफा आत्ताच आत गेला, आज नवं घर लावण्याची गडबड आहे, असं कौतुकाने सांगितलं.

पॉलिशवालीने अभिनंदन केलं.

मग वकीलबाई कामाला लागल्या. अशा गप्प राहून विकणाऱ्याला कोर्टात उभं करून घाम फोडायला त्यांना मनापासून आवडायचं. भिंतींवरची ओल रंग देऊन झाकली होती का, त्यांनी विचारलं. नव्हती. पाण्याची रेघ भिंतीवर स्पष्ट दिसत होती, पुढे कपाटसुद्धा ठेवलेलं नव्हतं. शेजारी काय म्हणाले? शेजाऱ्यांना कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पोरासोरांनीसुद्धा सांगितलं असतं. उलट विकणाऱ्यानेच म्हटलं होतं, मिस्त्री आणून दाखवा, आजूबाजूला चौकशी करा. घेणारा घाईत होता. कागद स्वच्छ आहेत, बाकी आम्ही बघून घेऊ, म्हणाला.

वकीलबाईंचा चेहरा उतरत गेला. सूड घ्यायचाय का, असं त्यांनी शेवटी सरळच विचारलं.

"हो," पॉलिशवाली म्हणाली. आवाज जराही चढला नाही. "माझे वडील सुतार होते. त्यांनी असंच एक घर घेतलं, खाली कारखाना टाकायला. पहिल्याच वर्षी लोकांचं तयार सामान पाण्यात फुगलं. दावा लावला, हरले. त्यानंतर त्यांनी हातात रंधा धरला नाही. भिंतीवरच्या त्या रेघेकडे बघत बसायचे. मीच जेवायला उठवायची."

वकीलबाईंना वाईट वाटलं. पण खोटी आशा लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"तुमच्या बाजूने उभं राहायला मला आवडलं असतं, ताई. पण यात दम नाही. खोटं कोणी बोललं नाही, काही लपवलं नाही. समोरचा वकील एकच प्रश्न विचारेल, आणि मी असते तर मीही तोच विचारला असता. घेणाऱ्याला डोळे नव्हते का?"

"म्हणजे दावा टिकत नाही."

"नाही."

"कुठल्याही कोर्टात?"

"मी लिहून देते हवं तर."

पॉलिशवालीने हात जोडले. लिहून नको, ऐकलं ते पुरे, म्हणाली. "माझ्या वडिलांना तुम्ही भर कोर्टात हेच विचारलं होतंत. शब्दसुद्धा हेच होते. लोक हसले होते."

वकीलबाईंनी सुताराचा चेहरा आठवून पाहिला. आठवेना. असे किती जण पिंजऱ्यात उभे राहिले आणि उतरून गेले. जरा अवघडून, पण थोड्या चिडूनही त्या म्हणाल्या, "एवढं घरात घडून गेलं, आणि तरी तुम्ही न बघता घर घेतलंत?"

"मी कुठे घेतलं?" पॉलिशवालीने पिशवी खांद्याला लावली. "मी विकलं, नवऱ्याच्या नावावरचं. वडिलांचंच ते घर, त्यांनीच जावयाच्या नावावर केलेलं. तो सोफा तेवढा विटांवर चढवून ठेवायला सांगा मुलाला."