कानामागचं तांबं

निमाच्या कानामागे नखाएवढी तांब्याची चकती, म्हणजे नवा अँटेना, चिकटवून शलाका मागे सरली. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या तिच्या लेकीला जुन्या अँटेनातून रेडिओलहरींच्या एकाच अरुंद पट्ट्यावर फक्त आईच्या माइकचा आवाज पोचायचा. म्हणून शलाकाने आधी संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये चकतीला यू आकाराची खाच पाडून पाहिली आणि पट्टा चांगला ऐसपैस झाला. आता वर्गातल्या मैत्रिणींचे माइकसुद्धा ऐकू यायला हवे होते.

"निमू, येतंय का गं ऐकू?"

निमाने हात वर करून तिला थांबवलं आणि ती खिडकीकडे वळली. टेकडीमागून ऊन वर येत होतं. गणित चुकलं की काय, म्हणून शलाकाने आकडे पुन्हा तपासायला घेतले.

"आई, सूर्य एवढा बोलतो, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस!"

आकडे बाजूला ठेवून शलाका खाली बसली. सूर्याच्या रेडिओलहरी तिला ठाऊक होत्या. गोंगाट म्हणून तिनेच त्या हिशेबातून वगळल्या होत्या.

"मला नाही गं तो ऐकू येत," ती म्हणाली.

निमा तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि लहानपणी आईने तिला पाखरांची किलबिल समजावली होती, तशी हातांच्या खुणांनी आईला सूर्य सांगू लागली.