साठच्या पुढची थरथर

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, लेथवर कापलेला कन्व्हर्टर उघडला आणि मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. आतल्या क्लचचं अस्तर जळून काळंठिक्कर पडलं होतं. तेलाला करपल्याचा वास येत होता. म्हणजे थरथरत होता तो ट्रकच. बाबांचा पाय नव्हे.

सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हा ट्रक बाबा चालवत. एकतीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस. कंपनीने ऑटोमॅटिक गाड्या आणल्या तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, बाबांचा मात्र आठवड्यात हात बसला. मग एक दिवस ते वर्कशॉपमध्ये आले. म्हणाले, "साठच्या पुढे गेलं की थरथरते रे. टाचेला कळतं."

मिस्त्री नवा होता. सहा महिने काम बघून मगच कायम करणार होते. त्याने कंप्युटर जोडला. एकही दोष दिसला नाही. गाडी रस्त्यावर काढून बघायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास त्याने बापाला दिला नाही.

"गाडी ठणठणीत आहे, बाबा. थरथर तुमच्या पायात असेल. वय झालं आता!" तो चारचौघांत हसत म्हणाला आणि तेच कागदावर लिहून खाली झोकात सही ठोकली.

कागद मॅनेजरकडे गेला. थरथरत्या पायाखाली वीस टनांचा ट्रक कोण देणार? बाबांनी नव्या ड्रायव्हरच्या हातात चावी दिली आणि घरी आले. तेव्हापासून ते खिडकीशी बसत. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून कुणाचा पट्टा सैल झालाय ते सांगत. जेवताना मिस्त्री चोरून त्यांचा पाय बघायचा. पाय जागचा हलत नसे. आराम मानवला असेल, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

सोमवारी कायम झाल्याचं पत्र मिळालं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. बुधवारी हा ट्रक तक्रार घेऊन आला.

आता सगळं लख्ख दिसत होतं. गाडीने वेग घेतला की या क्लचने इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांशी घट्ट जखडायचे. हा धरत होता, सुटत होता, पुन्हा धरत होता. तेच टाचेला कळत होतं.

ट्रकचा ड्रायव्हर बाकावर बसला होता. स्वतःवरचा राग मिस्त्रीने त्याच्यावर काढला.

"सहा महिने चालवताय ना? थरथर आत्ता कळली होय?"

"पहिल्या दिवशीच कळली, मिस्त्री. चावी देतानाच काका म्हणाले होते, साठच्या पुढे थरथरेल. तुझा पाय समजू नकोस."

"मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

समोर कोण उभं आहे, हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं.

"हात जोडले हो त्यांनी. म्हणाले, वर्कशॉपात माझा मुलगा नवा लागलाय. तो कायम होईपर्यंत गाडीला नाव ठेवू नकोस."