ढिला नट

बारामतीत संस्कृतीने लाँगबोर्डसाठी, म्हणजे उभं राहून पळवायच्या चाकांच्या लांब फळीसाठी बुश मागितले, तर दुकानदाराने विचारलं, "कंच्या ट्रॅक्टरचे?" शेवटी तिने ते पुण्याहून मागवले. फळी आणि चाकं यांच्यामधले हे रबरी बुश नटाने आवळले की फळी वेगातही लटपटत नाही, सैल सोडले की झटकन वळते. संस्कृतीला वाऱ्यासारखं सुटायचं असायचं, म्हणून ती रोज झोपताना नट कचकचून आवळायची. पण शाळेला निघताना पाहावं तर तो ढिलाच! काल कालव्याच्या उतारावर फळी थडथड हलली आणि ती धाडकन आपटली. पप्पांनी बजावलं, "अजून एकदा पडलीस, तर फळी भंगारात घालीन."

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. आज तर ती दप्तर पाठीला लावूनच पान्हा घेऊन चुलीपाशी बसली.

"रव्याचीच कामं ही! शाळेतनं आल्यावर तंगडीच मोडते त्याची."

"भावाला कशाला बोल लावतीस गं?" आई भाकरी थापत म्हणाली.

"मग नट काय आपोआप ढिला होतो व्हय?"

आईचा हात परातीतच थांबला. परवा खरचटलेलं, 'म्हशीनं ढकललं' असं सांगितलेलं कोपर तिने पदराखाली घेतलं.

"लई आवळू नगं गं," ती हळूच म्हणाली. "पहाटे दूध घालून येताना डेअरीच्या वळणावर मला वळवताच येत न्हाय."