बाहेरची हवा

स्वच्छ हवा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं नोटिशीच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं. माणूस म्हणजे बी विंगचा सभासद, हे दुसऱ्या ओळीपासून स्पष्ट होत गेलं.

जिजाबाई खाडीकाठच्या आपल्या अंगणात जवळा सुकायला पसरत होत्या. शेजारच्या टॉवरचे सेक्रेटरी जितेशराव नोटीस मोठ्यानं वाचत होते, कारण जिजाबाईंचे हात माशांचे होते आणि त्यांनी कागद घेतला नव्हता. एप्रिलचे अकरा वाजले होते. कुंपणाच्या भिंतीपलीकडून बी विंग सरळ वर गेली होती. तिच्या अंगावर, अंगणाच्या बरोब्बर डोक्यावर, एसीचे आठ डबे टांगलेले होते आणि आठही चालू होते. त्यांच्या वाऱ्यानं जितेशरावांच्या हातातला कागद फडफडत होता, घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. पण नोटिशीचा विषय तो नव्हता.

"सदर मासळीची दुर्गंधी वातानुकूलन यंत्रांमार्फत सभासदांच्या निवासात शिरते. सबब सात दिवसांच्या आत मासळी वाळवणे कायमचे बंद करावे. अन्यथा महापालिकेकडे तक्रार..."

"माज्या आंगनान?" जिजाबाई म्हणाल्या.

"अंगण तुमचं, मावशी. हवा सगळ्यांची."

उन्हाळ्याचे दोन महिने सुकवायचं आणि पावसाळाभर ओळखीच्या घरांत विकायचं, एवढीच जिजाबाईंची स्वतःची कमाई होती. बाकी सगळं सुनेकडे मागावं लागे.

"उगाच वाद नको, म्हणून टेक्निकल माणूसच आणलाय," जितेशराव म्हणाले. टेक्निकल माणूस म्हणजे सुयोग. तो सकाळपासून जितेशरावांच्याच हॉलमधला एसी साफ करत होता, त्याला स्क्रूड्रायव्हरसकट उचलून आणलं होतं. "सांग रे, बाहेरची हवा आत कशी येते ती."

सुयोगनं वरच्या डब्यांकडे पाहिलं. "येत नाय, साहेब."

"काय येत नाय?"

"हवा. हा एसी बाहेरची हवा घेतच नाय. आतलीच खेचतो, थंड करतो, परत आतच सोडतो. भिंतीतून नुसते पाइप जातात, त्यांत गॅस फिरतो. गॅस घरातली गरमी उचलतो आणि ह्या डब्यात आणून टाकतो. पंखा ती बाहेर फुंकतो." मग तो जिजाबाईंकडे वळला. "थंडी कोण बनवत नाय, आजी. गरमी इकडची तिकडे करतात फक्त."

जिजाबाईंचा हात थांबला. टॉवर आल्यापासून त्यांना वाटत होतं, ऊनच वाढलंय. ओट्यावर दुपारी बसवत नव्हतं, दारची अबोली उभी करपली होती, आणि घरच्यांनी त्यांची कुरकुर वयावर ढकलली होती.

"म्हंजे माजा वास तुमच्या घरान जात न्हाय," त्या म्हणाल्या, "आन तुमची गरमी माज्या घरान येते."

"तुमच्या घरात नाही हो. ती बाहेर जाते."

"बाहेर म्हंजे कुठं रं बाबा? बाहेर म्हंजे माजंच आंगन हाय!"

जितेशरावांनी नोटीस पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली.

कमिटीत एक बाई हवी म्हणून घेतलेल्या हंसाबेन आतापर्यंत पदरानं वारा घेत मागे उभ्या होत्या. त्या पहिल्या मजल्यावर राहत. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नसे. एसीही नव्हता, अंगणावरची खिडकी बारा महिने उघडी. "मेरे को तो कभी स्मेल आया नहीं, जितेशभाई," त्या म्हणाल्या. "गरम हवा आती है."

"मग माझ्या हॉलमध्ये येतो तो वास काय खोटा?" जितेशराव भडकले. "संध्याकाळी एसी लावला की भपकारा! सहा महिने सहन करतोय!"

"येतो ना, साहेब. सकाळी फिल्टर काढला तेव्हा मलापण आला. आत तेलाचा हा थर बसलाय. तुमचं किचन ओपन, खिडक्या बंद. जे शिजतं ते तिथेच गोल गोल फिरतं आणि चिकटतं. आतला वास आतलाच असतो."

"आमच्या घरात मासे शिजत नाहीत. सेक्रेटरी झाल्यापासून मी सोडलेत."

सुयोगनं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. जिजाबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या जितेशरावांच्या खिडकीकडे एकदा पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. गिऱ्हाइकाचं नाव चारचौघांत काढायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"हे बघा, ठराव एकमतानं झालाय," जितेशराव म्हणाले. "हवा कुठून कुठे जाते, त्यानं ठराव बदलत नाही." त्यांनी नोटीस ओट्यावर ठेवली, ती उडू नये म्हणून तिच्यावर जिजाबाईंचाच पाटा सरकवला.

"आन त्या डब्यांची नोटीस मी कुनाला देऊ, तां पन लिवून धाडा!" जिजाबाई पाठीमागून ओरडल्या. फाटक वाजलं.

अर्ध्या तासानं मागच्या बाजूनं नीलिमा आली. जितेशरावांची बायको. ओढणीखाली स्टीलचा मोठा डबा होता.

"मावशी, ह्यांचं काही सांगता येत नाही. बंद व्हायच्या आधी माझं वर्षाचं देऊन ठेवा. दोन किलो."

"तुजा नवरा आत्ता माजं सुकवनं बंद कराला आलेला."

"माहितीय ना. म्हणून तर दोन म्हणतेय."

वरून आठही डबे फुंकत होते. जिजाबाईंनी आतून वजनाचा काटा आणला.

नीट वाळवलेला जवळा घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर टिकतो.